कामाच्या ठिकाणचा वैताग, आणि अधूनमधून भेटणारी माणसं

भूमकर_चौकात_अडकलेली | सोमवार, रात्री १०:१२

गौरी-गणपतीची रजा टाकून महिना होत आला, पोर्टलवर अजून 'पेंडिंग'. मॅनेजरला विचारलं की "हो गं, बघतो, टेन्शन नको घेऊस" आणि त्याच दमात "रिलीज कधी आहे लक्षात आहे ना?" नाही म्हणायचं नाही, कारण नाही म्हटलेलं लेखी राहतं. हो म्हणायचं नाही, कारण मग ऐनवेळी बोलावून घेता येत नाही. सासूबाई रोज विचारतात, गौरी जेवणाला किती जणांना सांगायचं. मी त्यांना "बघते" म्हणते. संसर्गजन्य आहे हे.

बाकीचं नेहमीचंच. आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला यायची सक्ती. धायरीहून हिंजवडी फेज ३, त्यात पाऊस असला की विचारूच नका. आणि तिथं पोचून करायचं काय, तर कानात हेडफोन घालून बंगळुरूच्या टीमशी कॉल. माझ्या टीममधलं पुण्यात कुणीही नाही! संध्याकाळी बॅग भरली की "दोन मिनिटं, क्विक कॉल".

आता ज्यासाठी धागा काढला ते. मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं आणि नेमकी शनिवार-रविवारची ऑन-कॉल ड्यूटी (सिस्टिम अडली की फोन येतो, लगेच बसायचं) माझी. लॅपटॉप घेऊनच कार्यालयात गेले, प्लग कुठे आहे ते अक्षता पडायच्या आधी बघून ठेवलं. फोन वाजलाच नाही. सोमवारी शीट उघडली तर रोस्टरमध्ये माझ्या नावाच्या जागी दुसरंच नाव. शेजारच्या टीममधला मुलगा, ज्याच्याशी कॉफी मशीनपाशी 'हाय'च्या पलीकडे कधी बोलणं झालेलं नाही. शनिवारी रात्रभर जागा होता तो. मला सांगितलं का नाहीस विचारलं तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तू नको म्हणाली असतीस, आणि वर दर तासाला मेसेज करून विचारत बसली असतीस."

तुमच्याकडचे असे अनुभव लिहा. वैताग पण चालेल, माणसं पण चालतील. फक्त आयटीवाल्यांनीच लिहावं असं नाही. कंपन्यांची, साहेबांची नावं टाकू नका, नाहीतर धागा उडेल.

पुणे_३० | सोमवार, रात्री १०:४०

रजा हा उपकार नसून हक्क आहे. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. वर्षाला ८ किरकोळ रजा. वर्षात २४० दिवस काम भरलं असेल तर दर २० दिवसांमागे १ भरपगारी रजा, ती ४५ पर्यंत साठवता येते. त्यात 'बघतो' असं कलम नाही. ईमेलने विचारा, ईमेलनेच उत्तर मागा.

दुसरं. त्या मुलानं रोस्टर बदललं, छान केलं. पण एका माणसावर दोन माणसांचं काम ठेवणाऱ्या कंपनीची त्यानं सोय केली, हेही लक्षात घ्या. अशा कथांनी डोळे पाणावतात आणि भरती पुढच्या वर्षावर जाते.

लेथवाला_भोसरी | सोमवार, रात्री ११:२५

आम्हाला साहेब नाही, त्यामुळं रजेचा प्रश्न नाही. गिऱ्हाईक हाच साहेब.

छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी, एक जुना लेथ. मोठ्या कंपन्यांना पार्ट देतो. पीओवर, म्हणजे त्यांच्या ऑर्डरच्या कागदावर, लिहिलेलं असतं पेमेंट ४५ दिवस. ४५ दिवस कधीपासून? माल पोचला तेव्हापासून नाही, जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची त्यांची नोंद, झाल्यापासून. जीआरएन कधी? इन्स्पेक्शन झाल्यावर. इन्स्पेक्शन कधी? इन्स्पेक्टर सुट्टीवरून आल्यावर. तोवर इकडं पोरांचा पगार, बँकेचा हप्ता, कच्च्या मालाचे पैसे, ते कुणी थांबत नाही.

पुणे_३० साहेब कायदा सांगतील म्हणून आधीच सांगतो, मला पाठ आहे. छोट्या उद्योगांसाठीचा २००६ चा एमएसएमईडी कायदा, ४५ दिवसांच्या वर गेलं की बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. आणि २०२३-२४ पासून आयकराचं ४३बी(एच), म्हणजे आमच्यासारख्या छोट्याचे पैसे वेळेत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी दाखवता येत नाही. पहिल्या मार्चमध्ये काय धावपळ झाली! "उद्यम सर्टिफिकेट पाठवा, अर्जंट." म्हणजे छोटा उद्योग असल्याचा सरकारी दाखला. आम्हाला वाटलं आली लक्ष्मी. एका पार्टीनं फोन करून विचारलं, उद्यम नोंदणी रद्द करता का, मग ऑर्डर चालू ठेवू. व्याज मागायचं म्हणता? एकदा मागा, पुढची पीओ येत नाही.

आता माणसाचं सांगतो. एका कंपनीत बिल दिवाळीच्या आधीपासून अडकलेलं. फोन केला की "प्रोसेसमध्ये आहे". प्रोसेस म्हणजे काय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एक दिवस दुपारी अनोळखी नंबरवरून फोन. त्यांच्या अकाउंट्समधली मुलगी, स्वतःच्या मोबाइलवरून, जेवणाच्या सुट्टीत. "काका, तुमच्या चलनावर गेटचा इनवर्ड शिक्का नाहीये. स्टोअरवाल्यांनी ते बाजूच्या फाइलीत टाकलंय. तुम्हाला कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. गुरुवारी सुट्टी असते, तो सोडून कधीही या, गेटवर जुनं रजिस्टर बघा, त्यात एन्ट्री असेल."

गेलो. सिक्युरिटीवाल्यानं कपाटातून रजिस्टर काढलं, धुळीनं शिंकला, थुंकी लावून पानं उलटली. आमच्या टेम्पोचा नंबर, वेळ, ड्रायव्हरची वाकडी सही, सगळं जागेवर. शिक्का ठोकला. पुढच्या पेमेंट रनला पैसे आले. नंतर काजूकतली घेऊन गेलो तर घेईना. म्हणाली, "काका, पुढच्या वेळी गाडी गेटातून बाहेर पडायच्या आधी शिक्का बघत जा, तेवढं पुरे."

पुणे_३० | सोमवार, रात्री ११:४८

ते तिचं कामच होतं. बिल का अडकलं हे पुरवठादाराला कळवणं हे लेखा विभागाचं काम. त्यात माणुसकी कुठली?

लेथवाला_भोसरी | मंगळवार, सकाळी ६:५०

इथंच चुकता साहेब. पेमेंट जितकं लांबेल तितकं तिच्या साहेबाला बरं. तिचं काम गप्प बसायचं होतं. कंपनीच्या फोनवरून का नाही केला फोन, ह्याचा विचार करा. चला, मशीन चालू करतो.

डेक्कन_पासधारक | मंगळवार, सकाळी ७:३४

गाडीतून लिहितोय, घाटात रेंज जाईल. पुणे-मुंबई रोजचं अपडाउन. सकाळी ७:१५ ची डेक्कन क्वीन, सीएसएमटी १०:२५, ऑफिसचं पंचिंग पावणेअकराला. पावसाळ्यात घाटात दरड आली की हाफ डे. साहेबांचा सल्ला: मुंबईत घर घ्या. पैसे किती देताय ते विचारायचं राहून गेलं.

परतीची गाडी ५:१०. समोरच्या टेबलावर एक बाई बसतात, डोंबिवलीच्या. साडेचारला काही नवं काम टपकलं की माझ्याकडे न बघता फाइल ओढून घेतात आणि म्हणतात, "निघा, तुमची राणी चुकेल." त्यांची लोकल दर काही मिनिटांनी आहे हे खरं, पण म्हणून त्यांनी थांबायलाच हवं असं नाही.

निवृत्त_रोखपाल | मंगळवार, दुपारी १२:१५

पुणे_३० आणि लेथवाले यांचा वाद वाचला. मी आयुष्यभर काउंटरच्या आतल्या बाजूला बसलो, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. कंटाळा आल्यास पुढे जावे.

बाहेरच्याला वाटतं आतला माणूस मुद्दाम छळतो. आतल्याला वाटतं बाहेरचा मुद्दाम काचेवर नाणं वाजवतो. दोघांचंही थोडं थोडं खरं असतं. 'सर्व्हर डाऊन' हे वाक्य मी जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा रामरक्षा म्हटली असती तर मोक्ष नक्की होता. शेवटच्या काही वर्षांत तर रोखपालालाही विम्याचं टार्गेट. समोर माणूस मुलीच्या लग्नासाठी मुदतठेव मोडतोय आणि मी त्याला पॉलिसी घ्या म्हणायचं. मला ते जमलं नाही, त्याबद्दल वार्षिक शेरे काय मिळाले ते सोडा.

एक गोष्ट बाहेर फारशी ठाऊक नसते. दिवसाअखेर रोकड कमी भरली तर ती रोखपालानं स्वतःच्या खिशातून भरायची. ८ नोव्हेंबर २०१६ नंतरचे ते आठवडे आठवतात ना? रात्री उशिरापर्यंत मोजणी, हातांना नोटांचा वास. एका संध्याकाळी हिशेब जुळेना. पुन्हा मोजलं, तरी जुळेना. शटर अर्धं खाली आलेलं, आणि त्याच्याखालून वाकून एक बाई आत आली. मंडईत भाजी विकणारी. "दादा, तुमच्याकडून जास्तीचं आलंय." पदराच्या गाठीतून नोटा काढून काउंटरवर ठेवल्या, आणि वर मलाच दटावलं, "जेवला नाही वाटतं. उपाशी माणसानं पैसे मोजू नयेत."

आता मुद्द्याचं. नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्यांचा महिना. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं, यंत्रावर बोट ठेवा, झालं. कागदावर फार सोपं. पण ज्यांनी जन्मभर धुणी-भांडी केली, विटा उचलल्या, खुरपणी केली, त्यांच्या बोटांवरचे ठसे झिजून गुळगुळीत झालेले असतात. यंत्र लाल दिवा लावतं. आजी घाबरतात, त्यांना वाटतं आपलं पेन्शन गेलं. पीएफ पेन्शनची २०१४ पासूनची किमान रक्कम महिना १००० रुपये, पण तेच त्यांचं औषधपाणी.

नियमानं काय करायचं? ठसा जुळला नाही, उद्या या. एवढं म्हणून माझं काम पूर्ण होत होतं, पुणे_३०, कुणी मला एका शब्दानं बोललं नसतं. आमच्याकडे एक लिपिक होती, तिशीची असेल. ती स्टीलच्या डबीत ओला रुमाल ठेवायची. आजींचा हात हातात घ्यायची, अंगठा पुसायची, मग आपल्या दोन तळव्यांमध्ये धरून चोळायची, ऊब आली की यंत्रावर हलकेच टेकवायची. जोरात दाबलं तर ठसा फिसकटतो, हे तिनंच आम्हाला शिकवलं. अंगठा नाही तर मधलं बोट, उजवा नाही तर डावा हात. मागे रांगेत आरडाओरडा चालू असायचा. ती मान वर न करता म्हणायची, "तुमच्या आईची पाळी येईल तेव्हाही असंच करणार आहे मी." २०२१ मध्ये चेहरा ओळखून दाखला काढायची सोय आली, तेव्हा स्वतःच्या मोबाइलवर तिनं किती जणांचे काढले असतील देव जाणे.

तिचं काम होतं का हे? अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

भूमकर_चौकात_अडकलेली | मंगळवार, दुपारी १:०५

काका, __/\__

तो "उपाशी माणसानं पैसे मोजू नयेत" आमच्या ऑफिसात फलक लावायच्या लायकीचा आहे. उपाशी माणसानं प्रॉडक्शनला कोडही टाकू नये.

पार्सल_आलंय | मंगळवार, दुपारी ३:४०

दुपारी ऑर्डरी कमी असतात म्हणून लिहितो. बाणेर-बालेवाडी साइडला डिलिव्हरी करतो.

वैताग नं. १: लिफ्ट. बोर्ड असतो "डिलिव्हरीवाल्यांनी सर्व्हिस लिफ्ट वापरावी". सर्व्हिस लिफ्टला बोर्ड असतो "दुरुस्तीसाठी बंद". सोळावा मजला. वैताग नं. २: लोकेशन. पिन मेन गेटवर, माणूस राहतो मागच्या गेटला, फोन उचलत नाही, गेटवरच्या अ‍ॅपवर परवानगी देत नाही. ह्या सगळ्या थांबण्याचे पैसे शून्य. उशीर झाला की स्टार कमी, स्टार कमी झाले की चांगले स्लॉट जातात. ॲपमध्ये तक्रार केली की मशीन उत्तर देतं, "आम्हाला तुमची काळजी आहे".

माणसं म्हणाल तर वॉचमन. लोक म्हणतात वॉचमन त्रास देतात, देतात पण काही. एका मोठ्या सोसायटीतले काका आहेत, बारा तास ड्यूटी, बसायला धड खुर्ची नाही. त्यांनी कॅलेंडरच्या जुन्या पानाच्या मागच्या बाजूला पेननं नकाशा काढून केबिनच्या काचेला आतून चिकटवलाय. ए ते डी ह्या गेटनं, ई ते एच मागून, एफची लिफ्ट सातव्याला अडकते तेव्हा आठवा दाबून उतरा. खाली लिहिलंय 'चार्जर आहे, मागा'. फोन बंद पडला की आमचा दिवस गेला, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, बघून बघून कळलं त्यांना. सोसायटीच्या कमिटीनं एकदा ते पान काढायला लावलं, काच घाण दिसते म्हणून. आता दाराच्या मागे लावलंय.

एक विनंती. पाणी विचारता ते बरं वाटतं, विचारत जा. पण त्याआधी फोन उचला.

कामवालीची_लेक | मंगळवार, रात्री ९:२०

आईला विचारून लिहितेय. आई कोथरूडला घरकाम करते. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे.

मला पुणे_३० यांचं पटतं, निदान अर्धं तरी. चांगल्या माणसांच्या भरवशावर राहिलं तर वाईट माणसांच्या घरात काय करायचं? पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला होता. त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज काही घरांत महिन्याच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात, दिवाळीला बोनस मिळतो, लोकांना वाटतं आपण मोठ्या मनाचे. त्या सुट्ट्यांसाठी आधी बायका रस्त्यावर आल्या होत्या. राज्याचा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा यायला २००८ उजाडलं.

आईचा वैताग एकाच वाक्याचा आहे: "आज जरा पाहुणे आहेत हं." भांडी दुप्पट, पैसे तेवढेच. आणि स्वतः पंधरा दिवस केरळला गेले की त्या दिवसांचे पैसे कापतात. काम नाही तर पगार कसला, म्हणे.

ह्यावर एक आजोबा आहेत, आईच्या सगळ्यात जुन्या घरातले. ते मुलाकडं परदेशात जातात तेव्हा जायच्या आधीच पूर्ण महिन्यांचे पैसे पाकिटात घालून देतात. आई पहिल्यांदा नको म्हणाली. त्यावर ते म्हणाले, "मी इथं नसलो म्हणून माझं पेन्शन कुणी कापतं का? मग तुझं मी का कापू?" त्यात दया वगैरे काही नव्हती. हिशेब सांगितल्यासारखं सांगितलं. आईला तेच आवडलं.

पुणे_३० | मंगळवार, रात्री ९:५५

त्या आजोबांना माझा नमस्कार सांगा. मला एवढंच म्हणायचं होतं.

तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी ८:०५

थर्ड शिफ्ट करून आलो, झोप येत नाही म्हणून सगळा धागा वाचला. मी लातूरकडचा, चाकणला कंपनीत आहे. कंपनीत म्हणजे कॉन्ट्रॅक्टरकडं. २४० दिवस भरायच्या आत ब्रेक देतात. मग थोडे दिवस गावाकडं, मग परत दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टरच्या नावावर, त्याच लाइनला, त्याच प्रेसवर. काम तेच, कार्ड नवीन. पर्मनंटचं कार्ड निळं असतं, आमचं पिवळं. कँटीन एकच आहे पण आमची वेळ वेगळी. आम्ही जातो तोवर भाजीचा रस्सा राहिलेला असतो.

माझं पण एक लिहितो. खंडेनवमीला मशीन धुवून पुसून घेतो, झेंडूचा हार, लिंबू, हळदकुंकू. नारळ दरवर्षी साहेब फोडतात, फोटो काढतात, पुढच्या मशीनला जातात. मागच्या वर्षी आमच्या लाइनचे जुने ऑपरेटर, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, त्यांनी नारळ साहेबांच्या हातात दिलाच नाही. म्हणाले, "साहेब, ह्या प्रेसवर वर्षभर हात ह्याचा असतो. आज ह्याला फोडू द्या." वर्षभर नव्हता, मधी ब्रेक होता, पण भाऊ बोलले. साहेब काय बोलणार, हसले आणि बाजूला सरकले. मी हातातलं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि फोडला. फोटोत पिवळं कार्ड दिसतंय. आईला पाठवला तर तिनं विचारलं, बढती झाली का?

आता एक विचारायचं होतं. इथं शिकलेली माणसं आहेत म्हणून. माझा पीएफ दोन कॉन्ट्रॅक्टरकडं कापला आहे. पहिल्याकडं नाव एक, दुसऱ्याकडं स्पेलिंग वेगळं. पैसे कुठं आहेत कळत नाही. दुसरा कॉन्ट्रॅक्टर आता फोन उचलत नाही. काय करावं?

एचआरवाली_बदनाम | बुधवार, सकाळी १०:३०

मी एचआरमध्ये आहे. कंपनीला वाटतं मी कामगारांची, कामगारांना वाटतं मी कंपनीची हेर. डबा खायला कुणी शेजारी बसत नाही. हा माझा वैताग, एका ओळीत संपवला. आता दादा, तुमचं.

आधी पासबुक बघा. पगारपावतीवर कापले म्हणजे भरले असं नसतं. तुमचे १२ टक्के आणि मालकाचे १२ टक्के. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनला जातात, जास्तीत जास्त १२५०. पासबुकात महिनावार तिन्ही रकाने दिसले पाहिजेत.

मग यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, एक आहे की दोन ते बघा. कॉन्ट्रॅक्टर बदलला की नवा यूएएन काढून मोकळे होतात, खरं तर जुनाच चालवायला हवा. दोन असतील तर आधार जोडलेला, चालू असलेला ठेवा आणि जुन्याचे पैसे त्यात ट्रान्सफर करून घ्या. काढू नका, मागची वर्षं पेन्शनला धरली जातात, पेन्शनला लागणारी दहा वर्षं भरायला उपयोगी पडतात.

नावाचं: आधारच्या आधारे १ ऑक्टोबर २०१७ नंतर निघालेला यूएएन असेल तर २०२५ पासून नाव, जन्मतारीख बरीचशी स्वतः ऑनलाइन दुरुस्त करता येते, मालकाची सही लागत नाही. आणि जुन्या कॉन्ट्रॅक्टरनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर तुम्ही स्वतः टाकू शकता. 'मॅनेज' मध्ये 'मार्क एक्झिट'. आधारला जोडलेला मोबाइल जवळ ठेवा, ओटीपी त्यावर येतो. सायबर कॅफेवाल्याला पासवर्ड देऊ नका. अडलं तर इथंच लिहा, मी रात्री बघते.

पार्सल_आलंय | बुधवार, दुपारी ४:१०

ताई, दोन महिन्यांचं ते मला माहीतच नव्हतं. माझा आधीच्या नोकरीचा अडकलाय. मी पण लागतो मागे.

तिसरी_पाळी | शुक्रवार, सकाळी ८:४०

ताई, पासबुक निघालं. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरचे सगळे आहेत. एक्झिट टाकली, झाली. दुसऱ्याचे सुरुवातीचे दिसतात आणि मार्चनंतर काहीच नाही. पावत्यांत मात्र शेवटपर्यंत कापलेत. आता?

पुणे_३० | शुक्रवार, सकाळी ९:०२

आता मी बोलतो. कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही तर न उचलो. भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२, परिच्छेद ३०. कंत्राटदारामार्फत लावलेल्या कामगारांची वर्गणी भरण्याची जबाबदारी मुख्य मालकाची, म्हणजे ज्या कंपनीच्या प्रेसवर तुम्ही उभे राहता तिची. कंत्राटदाराकडून नंतर वसूल करायचे की नाही हा त्यांचा प्रश्न.

तर कंपनीच्या नावे अर्ज करा. मराठीत चालेल. कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत, कुठल्या विभागात, कार्ड नंबर, आणि पावत्यांच्या झेरॉक्स. मसुदा करून देतो, निरोपात पाठवतो. मूळ पावत्या कुणाच्याही हातात द्यायच्या नाहीत. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायची. जोडीला पीएफ कार्यालयाच्या ईपीएफआयजीएमएस या तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार टाका, नोंदणी क्रमांक जपून ठेवा.

लेथवाला_भोसरी | शुक्रवार, सकाळी ९:३०

पुणे ३० आणि परिच्छेद ३०. नावाला जागलात साहेब!

पण एक विचारतो. मसुदा करून द्यायचं, हे तुमचं काम आहे का?

पुणे_३० | शुक्रवार, सकाळी ९:३४

अवांतर टाळा.

निवृत्त_रोखपाल | शुक्रवार, दुपारी १:२०

अर्जासोबत बँकेच्या पासबुकाच्या पानांचीही झेरॉक्स जोडा, पगार जमा झालेल्या ओळी अधोरेखित करून. तुम्ही त्या महिन्यांत तिथे कामाला होतात याचा तो चांगला पुरावा ठरतो. पासबुक भरून घेतलं नसेल तर आजच भरून घ्या, उद्या चौथा शनिवार आहे.

तिसरी_पाळी | सोमवार, दुपारी ४:५०

अर्ज दिला. गेटवर आत सोडत नव्हते, तुझी शिफ्ट नाही म्हणे. भाऊ शिफ्ट संपवून बाहेर आले, मला घेऊन परत आत गेले. टाइम ऑफिसवाले पोच द्यायला तयार नव्हते, ठेवून जा म्हणाले. भाऊ खुर्ची ओढून बसले. चहा पण मागवला स्वतःला. मग दिली पोच.

पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर आला.

एचआरवाली_बदनाम | सोमवार, संध्याकाळी ६:१५

मस्त. आता पीएफ कार्यालयाचं 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत असतं, तिथं समोरासमोर अधिकारी भेटतात. तुमच्या भागातलं ठिकाण त्यांच्या संकेतस्थळावर टाकतात, आदल्या दिवशी बघून घ्या. तक्रारीचा नंबर, पोच आणि पावत्या न्या.

पुणे_३० | सोमवार, संध्याकाळी ६:२२

झेरॉक्सचे दोन संच. एक त्यांना, एक तुमच्या हातात.

तिसरी_पाळी | सोमवार, रात्री ८:००

२७ ला फर्स्ट शिफ्ट होती, भाऊंच्या लाइनवाल्या पोराशी बदलून सेकंड घेतली. सकाळी जातो. काही झालं की लिहितो.